मिस्सा सभागृहात, शब्द कुठे?

बाखच्या ‘बी मायनर’ मिस्साचे गायन तिकीट लावून सभागृहात करणे ही पवित्र गोष्टीची विटंबना होय, असे मत काही धर्मबंधू मोठ्या आवेशाने मांडतात. ही कृती कुठे गावी, असे त्यांचे म्हणणे आहे? तिचे नुसते गायनच दोन तासांच्या आसपास चालते. दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीतावरील आपल्या आज्ञापत्रात बजावले होते की, संगीतापायी वेदीवरील धर्मगुरूला उपासनेच्या मर्यादेबाहेर ताटकळत ठेवू नये. बाख तर लुथरपंथी. १७३३ मध्ये ‘किरिये’ आणि ‘ग्लोरिया’ त्याने ड्रेस्डेनच्या कॅथॉलिक राज्यकर्त्याला अर्पण केले, उरलेली रचना आयुष्याच्या अखेरीस सिद्ध केली आणि १७५० मध्ये तो निवर्तला. संपूर्ण मिस्सा त्याच्या हयातीत गायिली गेल्याची नोंद नाही. सभागृह नाकारले, तर हे संगीत बहुतेक कपाटातच राहील.

माझी तक्रार निराळी आहे. कार्यक्रमपत्रिकेत गायकांची छायाचित्रे असतात, जाहिरातदारांचे आभार असतात; मिस्साचे शब्द तेवढे पुष्कळदा नसतात! असलेच तर दिवे मालवल्यामुळे वाचता येत नाहीत. ‘लॅटिन कळते कोणाला?’ हे उत्तर ठरलेले. अहो, याच प्रार्थना आपण मराठीतून म्हणतो की!

‘क्रुसिफिक्सुस’चेच पाहा. तळाच्या वाद्यांवर अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरणारी एकच छोटी धून १३ वेळा येते. शेवटच्या वेळी वरची वाद्ये गप्प होतात, ख्रिस्ताला कबरेत ठेवले या शब्दांवर गायकांचे आवाज खोल खोल जातात आणि अगदी अखेरीस स्वर अनपेक्षितपणे उजळतो. लगेच तुताऱ्या, नगारे आणि पुनरुत्थान! ज्याच्या हाती शब्द नाहीत, त्याला येथे आधी हळू आणि मग मोठ्याने, एवढेच ऐकू येते. पुढे ‘कॉन्फितेओर’मध्ये, एकाच बाप्तिस्म्याची कबुली देताना, रोमन परंपरेची जुनी ग्रेगोरियन धून हा लुथरपंथी संथ स्वरांत गुंफतो. पंथभेदाचे व्याख्यान झोडणाऱ्यांनी हे स्थळ जरूर ऐकावे.

चर्चमधील संगीतसभांविषयी रोमच्या उपासना मंडळाने १९८७ साली पत्र काढले. त्यातला विनामूल्य प्रवेशाचा नियम आमच्या मंडळींना तोंडपाठ असतो. परंतु श्रोत्यांना अंतःकरणपूर्वक सहभागी होता यावे असे विवेचन करावे, केवळ इतिहास वा कला सांगून थांबू नये, हेही त्याच पत्रात आहे. ते चर्चसाठी आहे खरे. पण सभागृहात तसे करण्यास कोणी मज्जाव केला आहे?

आयोजकांनी एक कागद छापावा: एका बाजूस लॅटिन, दुसऱ्या बाजूस मराठी. मराठी पाठ आपल्या मिस्साग्रंथात तयारच आहे. आणि दिवे निम्मे तरी चालू ठेवावेत.