लोबानाच्या झाडाची सुट्टी

मस्कतमध्ये चार-दोन वर्षं काढलेल्या मराठी माणसाला लोबानाचं फारसं कौतुक उरत नाही. दुकानात जा, लग्नाला जा, ओळखीच्या ओमानी घरी कॉफीला जा, कुठेतरी मजमरात निखाऱ्यावर दोन खडे जळत असतातच. जेवणं झाली की धूपदाणी पाहुण्यांमध्ये फिरते आणि मंडळी अंगावरच्या कपड्यांना, दाढीला धूर देतात. रात्री पाण्यात खडे भिजत घालून सकाळी ते पाणी पोटासाठी पितात. आपल्याही घरात धूप-ऊद असतोच. त्यामुळे लोबानाची झाडं बघायला सलालाला चाललोय म्हटल्यावर "झाडं बघायला हजार किलोमीटर?" असं दोघा-तिघांनी विचारलंच!

पण हे झाड कुठे उगवतं हे बघण्यासारखंच आहे. जूनमध्ये आपल्या कोकणात येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सलालाच्या डोंगरांनाही चाटून जातो. तिथे त्याला 'खरीफ' म्हणतात (हो, आपल्या खरीप हंगामाचाच शब्द). तीन महिने धुकं, भुरभूर पाऊस आणि सगळीकडे हिरवं. लोबानाला मात्र ही हिरवळ नको असते. सलालाहून थुमरैतच्या रस्त्याने साधारण ४० किलोमीटर गेलं, डोंगर ओलांडला, की हिरवा रंग एकदम संपतो आणि वादी दौकाचं खडकाळ माळरान सुरू होतं. ढग डोंगरावर अडतात, पलीकडे पोचते ती फक्त थोडी गार हवा. तिथेच ही झाडं उभी आहेत. बुटकी, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेली, कागदासारखी साल निघालेली. पहिल्या नजरेत कुणी म्हणणार नाही की या काटकुळ्या झाडांवर राज्यं उभी राहिली होती.

राज्यं म्हणतोय ते उगाच नाही. जवळच समुद्रकाठी खोर रोरीला सुम्हुरम या बंदराचे अवशेष आहेत. हद्रामौतच्या राजांनी लोबानाच्या व्यापारासाठी ते वसवलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या किनाऱ्याचं वर्णन आहे. भडोचहून आणि मलबारहून येणारी जहाजं उशीर झाला तर इथेच हिवाळा काढत आणि राजाच्या माणसांना कापड, गहू आणि तिळाचं तेल देऊन बदल्यात लोबान घेत. त्याच ग्रंथात आपलं कल्याण आणि सोपारा आहे, पैठण आणि तेरचा माल भडोचला उतरत असल्याचंही लिहिलंय. म्हणजे सुम्हुरमला गेलेल्या एखाद्या कापडाच्या गाठीत मराठवाड्याचा कापूस असूही शकेल! हा अर्थात माझा तर्क. तिथे उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेला खापराचा तुकडा मिळालाय, हे मात्र खरं.

या मालाची किंमत केवढी होती याचा अंदाज रोमन लेखक प्लिनीवरून येतो. अलेक्झांड्रियाच्या कारखान्यात लोबान निवडणारे कामगार घरी जाताना त्यांचे कपडे उतरवून घेत, असं त्याने लिहिलंय. त्याच्या आधी हेरोडोटसने तर या झाडांवर पंखवाले साप पहारा देतात असं सांगून ठेवलं होतं. भाव चढा ठेवायला अशा गोष्टी व्यापाऱ्यांच्या किती सोयीच्या, नाही का?

तर असा हा वारसा. २००० साली युनेस्कोने वादी दौका, खोर रोरी, अल-बलीद आणि वाळवंटातलं शिसर अशी चार ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. वादी दौकाला कुंपण आहे आणि ते हवंच. मोकळे उंट कोवळी रोपं शिल्लक ठेवत नाहीत.

पण तिथून परतल्यापासून मला वाटत राहिलंय की कुंपणाच्या आत आहे तो वारशाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा माणसांच्या हातात आहे, आणि त्याला कुंपण घालता येत नाही.

आमच्याबरोबर एक वयस्क धोफारी गृहस्थ होते. घरात जबली भाषा बोलणारे. त्यांनी एका झाडावरच्या जुन्या, भरून आलेल्या खाचेवर बोट ठेवून सगळी पद्धत सांगितली. मनकफ नावाच्या छोट्या हत्याराने सालीचा पातळ पापुद्रा काढायचा. पांढरा चीक येतो, पण पहिल्या खेपेचा माल कामाचा नाही. दोनेक आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खरवडायची. खरा चांगला लोबान तिसऱ्या खेपेपासून. खाच खोल गेली तर झाड दुखावतं. कोवळ्या झाडाला हात लावायचा नाही. आणि त्यांनी सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवला ती गोष्ट म्हणजे झाडाला सुट्टी द्यायची. काही वर्षं चीक काढला की त्याला मोकळं सोडायचं.

आपल्याकडे गाय पिळताना वासरासाठी दूध राखतात, तसंच हे. आणि ही नुसती भाबडी श्रद्धा नाही. लोबानाच्याच जातीतल्या इरिट्रियातल्या झाडांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चीक न काढलेल्या झाडांचं ८० टक्क्यांहून जास्त बी रुजलं, सतत चीक काढलेल्या झाडांचं जेमतेम १६ टक्के. झाडाची शिदोरी एकच, ती चिकात गेली तर बियांना काय उरणार? २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने इथिओपिया, इरिट्रिया आणि सुदानमधल्या झाडांबद्दल सांगितलं की बहुतेक ठिकाणी तरुण झाडंच नाहीत आणि असंच चाललं तर वीसेक वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. म्हातारी झाडं आहेत, नातवंडं नाहीत!

धोफारमध्ये पूर्वी झाडं टोळ्यांच्या आणि कुटुंबांच्या मालकीची असत. पुढच्या वर्षीही याच झाडाकडे यायचंय, हे चीक काढणाऱ्याला ठाऊक असे. आता घरची मुलं शहरात नोकरीला आहेत आणि बऱ्याच ठिकाणी हे काम सोमालियातून आलेले मजूर करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या देशातही लोबानाची परंपरा तितकीच जुनी आहे. पण एका हंगामापुरत्या आलेल्या आणि किलोवर पैसे मिळणाऱ्या माणसाने झाडाला सुट्टी का द्यावी? हातात कसब असून भागत नाही, थांबणं परवडावंही लागतं.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या सातपुड्यात, मेळघाटात बघा. आपली सालई ही याच लोबानाची सख्खी बहीण. आयुर्वेदातली शल्लकी म्हणजे हीच. तिचा डिंक जंगलातले आदिवासी गोळा करतात आणि सांधेदुखीच्या गोळ्यांमधून तो जगभर जातो. भुसावळहून खांडव्याकडे जाताना लागणारी नेपानगरची कागद गिरणी आठवते? तिथे सुरुवातीला वर्तमानपत्राच्या कागदासाठी सालईचं लाकूड वापरायचे. अरबस्तानात ज्या जातीच्या झाडासाठी बंदरं वसली, त्या जातीच्या झाडावर आपण बातम्या छापल्या!

म्हणून मला वाटतं, वारसा जपायचा म्हणजे निव्वळ झाडं आणि दगड जपणं नव्हे. झाड कधी सोडून द्यायचं हे ज्याला कळतं, त्याला ते सोडणं परवडेल इतका दाम मिळणं हाही त्याच जपणुकीचा भाग आहे. मग तो धोफारचा असो, सोमालियाचा असो की मेळघाटचा. सलालाच्या बाजारात आपण हौजरीचे हिरवट खडे बघतो, वास घेतो आणि लगेच घासाघीस सुरू करतो. पुढच्या वेळी भाव करण्याआधी दुकानदाराला एवढं तरी विचारू या, की हे कुठल्या डोंगरातलं आणि कुणी काढलेलं? पाचजणांनी विचारलं तर सहाव्यासाठी तो उत्तर तयार ठेवेल.