निळे रक्त कुठे असते?

आठवीच्या वर्गात हृदयाची आकृती काढायला सांगितली की मुले आधी रंगपेटी उघडतात. उजवी बाजू निळी, डावी लाल. आकृती सुबक येते, गुणही मिळतात. मग विचारा, "निळे रक्त कुणी पाहिले आहे का?" कितीतरी मुले मनगटावरच्या शिरा पुढे करतात!

रक्त निळे कधीच नसते. शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त काळपट लाल असते. निळा रंग ही नुसती खूण आहे, नकाशात समुद्र निळा दाखवतात तशी. शिवाय हृदयाची उजवी बाजू कागदावर आपल्या डाव्या हाताला येते, कारण ते समोर उभ्या असलेल्या माणसाचे असते. सांगितल्याशिवाय हे मुलांना कळत नाही, आणि आपण बहुधा सांगत नाही.

आपल्या घरांत याला सोपा उपाय आहे. बकरी ईदला दिल हंडीत जाण्यापूर्वी मुलांच्या हाती द्या. ते अख्खे ठेवायला कसाईभाईंना आधीच सांगा. बकऱ्याच्या हृदयातही माणसासारखेच चार कप्पे असतात. मधोमध आडवा काप घ्या (सुरी अर्थात मोठ्यांच्या हाती). खालच्या दोन कप्प्यांपैकी एकाची भिंत चांगली जाड, दुसऱ्याची पातळ. जाड ती डावी. तिला सगळ्या शरीरात रक्त ढकलायचे असते. उजवीला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच. वहीत मूल ही जाडी नुसती गिरवते, बोटाने दाबून पाहिली की "असे का?" विचारते.

मधल्या भिंतीत भोक शोधायला सांगा. सापडणार नाही. जालिनूस, म्हणजे गॅलेन, या ग्रीक हकिमाने तिथे न दिसणारी छिद्रे मानली होती आणि हजार वर्षे ते चालले. दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि कैरोत हकिमी केलेल्या इब्न अल-नफीस यांनी 1242 मध्ये लिहिले की तिथे वाटच नाही. रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाते आणि तिथून डावीकडे येते. निळ्या-लाल रंगांमधली जाड रेघ म्हणजे नेमका हा मुद्दा.

रक्ताची वाट मात्र हातातल्या दिलात दिसत नाही, ते थांबलेले असते. त्यासाठी आकृतीच हवी, बाणांसकट. म्हणून वही शेजारी ठेवा, रंगपेटी बंद. आधी फक्त बाण काढू द्या. अम्मीने किंवा अब्बांनी मध्येच विचारावे, "हे रक्त आले कुठून?" मूल अडले, तर पुन्हा त्या कप्प्यात बोट घालून पाहू द्या.