समुद्राचा परवाना कोणाला विचारून?

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "वकीलसाहेब, समुद्रात खांब रोवायची परवानगी दिली कोणी? आम्हाला तर कोणी काही विचारले नाही." वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामाचे तराफे समोर दिसत असतात आणि विचारणारा माणूस पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यात जाळे टाकत आलेला असतो. त्याला द्यायचे उत्तर कडू आहे. समुद्रातल्या बऱ्याच कामांसाठी तुम्हाला विचारणे कायद्याने बंधनकारकच ठेवलेले नाही!

हा कायदा आहे तरी कसा? पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली किनाऱ्यासाठी सीआरझेडची अधिसूचना निघाली ती १९ फेब्रुवारी १९९१ ला. पुढे २०११ मध्ये नवी आली आणि १८ जानेवारी २०१९ ला आणखी एक. प्रत्येक वेळी नियमांचा दोर सैल होत गेला. आज भरतीच्या रेषेच्या आतला नाजूक भाग आणि १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र, म्हणजे सीआरझेड एक आणि चार, यांची मंजुरी दिल्लीचे मंत्रालय देते. मोठ्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ ची दुसरी अधिसूचना आहे. लोकांना बोलण्याची जागा म्हणजे जनसुनावणी, ती या दुसरीत आहे. नुसती सीआरझेडची मंजुरी पुरेशी ठरली, तर सर्वसाधारण प्रकल्पाला जनसुनावणी लागत नाही. तेव्हा बिल्डर, कंत्राटदार आणि सरकार यांची सारी धडपड कशासाठी असते, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

सागरी किनारा रस्त्याचे, म्हणजे कोस्टल रोडचे उदाहरण घ्या. समुद्रात भराव घालून रस्ता करता येत नव्हता, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये आधी अधिसूचनाच दुरुस्त केली. मग २०१७ मध्ये सीआरझेडची मंजुरी दिली. वरळी कोळीवाड्यातले मच्छिमार उच्च न्यायालयात गेले. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली आणि २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही लागेल असे सांगितले. पाच महिन्यांत, १७ डिसेंबर २०१९ ला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. भराव पडला. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुलाही झाला. भराव पडलेला समुद्र कोणते न्यायालय परत आणून देणार?

किनाऱ्यापासून जितके दूर जावे तितका लोकांचा आवाज बारीक होतो. १६ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने समुद्रात तेल आणि वायू शोधण्याच्या कामाला 'बी-२' वर्गात टाकले. या वर्गाला आघात मूल्यांकनाचा अहवाल नको आणि जनसुनावणीही नको. प्रत्यक्ष उत्पादनाला अजून वरचा वर्ग आहे, पण तोवर शोधविहिरी खणून झालेल्या असतात आणि गुंतवलेल्या पैशाचे दडपण फायलीवर बसलेले असते. डोलकरांची नेहमीची जागा त्या कामात बंद झाली, तर त्याने कोणाकडे जायचे? जिल्हाधिकाऱ्याकडे गेला तर जिल्ह्याची हद्द तिथवर पोचत नाही.

दूरच्या समुद्राचे पाप किनाऱ्यावरच येते, हे अंधेरीकरांनी २०११ च्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिले. ४ ऑगस्टला 'एमव्ही रॅक' हे कोळशाचे जहाज मुंबईसमोर बुडाले आणि तेल जुहूपर्यंत आले. जहाज १२ सागरी मैलांच्या बाहेर बुडाले, सबब हरित लवादाला अधिकारच नाही, असाही युक्तिवाद झाला. लवादाने तो फेटाळला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जहाज कंपनीला १०० कोटींची व कोळसा ज्यांचा त्या अदानी कंपनीला ५ कोटींची भरपाई भरायला सांगितले. चांगला निकाल. पण पाच वर्षे! मासळीचे पाच हंगाम कोणाच्या हिशेबात धरायचे?

आता आमच्या वस्त्यांकडे वळू. ठाणे खाडीच्या कडेला, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, आमची माणसे राहतात. उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला आणि पुन्हा १७ सप्टेंबर २०१८ ला कांदळवनाची कत्तल थांबवली, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. कांदळवन वाचलेच पाहिजे. २६ जुलै २००५ ला पाणी कोणाच्या घरात शिरले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण याच आदेशाचा हवाला देऊन झोपडीवर बुलडोझर येतो तेव्हा मूल्यांकन नसते, तज्ज्ञ समिती नसते, कित्येकदा धड नोटीसही नसते. आणि त्याच निकालात 'सार्वजनिक हितासाठी' म्हणून ठेवलेल्या दारातून डिसेंबर २०२५ मध्ये वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी ४५ हजारांवर कांदळझाडे तोडण्याची परवानगी महापालिकेला मिळाली. झोपडी आली की कायदा लोखंडाचा, रस्ता आला की रबराचा!

आपला काय संबंध, कोळी बघतील, असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला भेटतात. १९२७ साली महाडला बाबासाहेब गेले ते सार्वजनिक पाण्यावर माणसाचा हक्क सांगायला. समुद्राचे पाणी सार्वजनिक नाही काय?

काही व्यवहाराच्या गोष्टी. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते. ती वाचत चला. अहवालाचा सारांश मराठीत मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. एका सुनावणीत आम्ही मराठी प्रत मागितली तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी इंग्रजीचा जाडजूड गठ्ठा पुढे सरकवला आणि "यात सगळे आहे" म्हणाले. आमच्या शेजारी बसलेली मासळी विकणारी बाई म्हणाली, "मग तुम्हीच वाचून दाखवा की." सभागृह हसले, प्रत मात्र मिळाली नाही. त्या दिवशी आम्ही हरकत लेखी दिली आणि पोच घेतली. सुनावणीला किती माणसे हजर हवीत याची अटच कायद्यात नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुनावणी 'पार पडली' असे लिहिता येते. म्हणून जायचेच, आणि लेखी द्यायचे.

मंजुरी निघालीच, तर हरित लवादात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६०. नव्वदावा दिवस उलटला की दार बंद. आपला पश्चिम विभागाचा लवाद पुण्यात बसतो. वर्सोव्याच्या होडीवाल्याने एक दिवसाची मासेमारी सोडून पुण्याला जायचे, तर गाडीभाडे आणि वकिलाची फी त्याने एकट्याने का सोसावी? आमच्या वस्तीतल्या विहारांत दर रविवारी बैठक असते. पुढच्या नोटिशीचे कात्रण तिथे वाचले जावे, आणि हरकतीवर कोळीवाड्याच्या सह्यांबरोबर आमच्याही सह्या असाव्यात.