विश्लेषण : मांस प्रक्रिया कारखान्यांत वेग वाढवायला कामगारांचा विरोध का?

कारखान्यात नवी पद्धत आली की कामगार विरोध करतात आणि नीट समजावून सांगितले की विरोध मावळतो, असे व्यवस्थापनात सहसा मानले जाते. अमेरिकेतील मांस उद्योगात मात्र ‘लाइन स्पीड’चा वाद अनेक वर्षे मिटलेला नाही. तिथे कामगारांचे म्हणणे काय आहे?

नियम काय बदलला?

अमेरिकेत डुकरांच्या कत्तलखान्यांत तासाला कमाल १,१०६ जनावरांची मर्यादा होती. २०१९ मध्ये कृषी खात्याने नवी तपासणी पद्धत आणली. ती स्वीकारणाऱ्या कारखान्यांना ही मर्यादा उरली नाही. कोंबड्यांच्या बाबतीत मिनिटाला १४० ची मर्यादा आहे, पण विशेष सवलत मिळालेले कारखाने १७५ पर्यंत जाऊ शकतात.

कामगारांची अडचण काय?

हातात धारदार सुरी, आजूबाजूला गारठा आणि एकाच प्रकारचा काप दिवसभरात हजारो वेळा. यातून मनगट, खांदा आणि पाठीची दुखणी जडतात. लाइनचा वेग वाढला आणि माणसे तेवढीच राहिली, तर प्रत्येकाच्या वाट्याचे काम वाढते. नफा कंपनीला आणि दुखणे कामगाराला, असा हा हिशेब आहे.

न्यायालयाने काय म्हटले?

कामगार संघटना न्यायालयात गेल्या. ३१ मार्च २०२१ रोजी मिनेसोटातील संघीय न्यायालयाने वेगमर्यादा हटवणारी तरतूद रद्द केली. कृषी खात्याने कामगार सुरक्षेबाबत लोकांची मते मागवली होती. नंतर मात्र हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, असे म्हणून ती बाजूला ठेवली. न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले.

अभ्यासातून काय दिसले?

कृषी खात्यानेच करून घेतलेला अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात कोंबडी प्रक्रियेतील ८१ टक्के, तर डुकरांच्या कारखान्यांतील ४६ टक्के कामगारांना स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यांचा मोठा धोका आढळला. एक निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा आहे. कोंबडीच्या कारखान्यांत धोका केवळ लाइनच्या वेगावर ठरत नव्हता. एका कामगाराच्या हाताखालून मिनिटाला किती तुकडे जातात, यावर तो अधिक अवलंबून होता. म्हणजेच वेग वाढवताना पुरेशी माणसे वाढवली, तर भार आटोक्यात राहू शकतो.

पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये कृषी खात्याने वेगाच्या सवलती पुढे चालू ठेवण्याची आणि जादा वेग कायमचा करण्यासाठी नियम आणण्याची घोषणा केली. सवलत घेणाऱ्या कारखान्यांनी कामगार सुरक्षेची माहिती देण्याची अटही काढली. पण भार वाढतोय की नाही हे कळायचे, तर हीच माहिती लागते. ती गोळाच झाली नाही, तर कामगारांची समजूत कशाच्या आधारावर घालणार?