रोठा आणि सातबारा

काजूचे झाड उभ्या उभ्या वाळले की बागायतदाराच्या हयगयीवर बोट ठेवून मोकळे व्हावे, अशी रीत कणकवलीपासून मंत्रालयापर्यंत रूढ झाली आहे. ही रीत सोयीची आहे, न्याय्य नाही.

झाड मारतो तो खोडकिडा, म्हणजे रोठा. त्याचा भुंगा बुंध्याजवळ सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी सालीखाली शिरून खोड व मुळे पोखरते. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसताच साल तासून अळी काढली, तर झाड वाचते. पाने पिवळी पडून गळू लागल्यावर उपाय उरत नाही. मेलेले झाड तसेच ठेवले, तर त्यातून निघालेले भुंगे शेजारची बाग गाठतात. म्हणजे येथे महागडे औषध नव्हे, प्रत्येक बुंध्याशी वाकून पाहणारे हात हवेत.

ते हात कोणी पुरवायचे? १९९० साली शासनाने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली आणि कोकणातील वरकस जमिनीवर काजू उभा राहिला. ते काम मोलाचेच होते. परंतु अनुदान तीन वर्षांत संपले, आणि रोठा धरतो तो मुख्यतः वाढलेल्या, जुन्या झाडांना. फळपीक विमा हवामानाचे आकडे पाहतो. अळीने मारलेले झाड त्याच्या हिशेबात बसत नाही.

बाग खाजगी, तर राखणही मालकानेच करावी, असा युक्तिवाद होईल. पण भुंग्याला सातबारा वाचता येत नाही. एकाच उताऱ्यावर अनेक भाऊबंद, त्यांतले कित्येक मुंबईत. त्यांच्या ओसाड बागेची किंमत शेजारचा कष्टकरी मोजतो. एकाच्या हयगयीचा भुर्दंड जेथे दुसऱ्यावर पडतो, तेथे उपाय सार्वजनिकच असावा लागतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेलाही तो गिरवावा लागला. निलगिरी पोखरणारा ऑस्ट्रेलियन भुंगा १९८४ साली कॅलिफोर्नियात आढळला, तेव्हा त्याच्या अंड्यांवर वाढणारा परोपजीवी कीटक आणून सोडण्याचे काम तेथील सार्वजनिक विद्यापीठाने केले; ते एकेकट्या मालकावर सोपवले गेले नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. पावसाळा सरताच गावोगाव बुंधे तपासणारी मजूर पथके नेमावीत व त्यांची मजुरी रोजगार हमीतून द्यावी. मेलेली झाडे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला असावा, आणि गैरहजर मालकाकडून त्याचा खर्च वसूल व्हावा. अप्पासाहेब पटवर्धनांनी हलके मानलेले काम प्रतिष्ठेने व संघटितपणे करून दाखवले ते याच कणकवलीत, गोपुरी उभारून. तेथील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडण्यास संकोच करू नये.