बाबा आणि मामा यांच्यामधला पडदा

‘बाबा’ म्हणा आणि लगेच ‘मामा’ म्हणा. दोन्ही वेळा ओठ तसेच मिटतात, तसेच उघडतात, कंठातला आवाजही तोच. फरक पाडतो तो टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. ‘ब’ म्हणताना हा मांसल पडदा वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद होते. ‘म’ला तो खाली राहतो. ‘दादा’ आणि ‘नाना’ यांचंही तेच. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्याच तोंड आणि नाक दोन्हींतून उच्चारला जाणारा वर्ण अशी केली आणि आपल्या वर्णमालेत प्रत्येक वर्गाच्या शेवटी अनुनासिकाची जागा ठरलेली आहे. उच्चारांची इतकी जुनी जाण असलेल्या समाजात टाळूला फट घेऊन जन्मलेल्या मुलाचं ऑपरेशन झालं की कागद मिटतो, हे मला पटत नाही. त्या ऑपरेशनचं यश टाक्यांवरून नव्हे, मुलाच्या बोलण्यावरून मोजायला हवं.

जगभरात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाच्या ओठाला, टाळूला किंवा दोन्हींना फट असते. (आईने ग्रहणात काही चिरल्याने ती पडत नाही, हे आजही सांगावं लागतं.) ओठाची फट दिसते, म्हणून मदतीच्या जाहिरातींत आधीचा आणि नंतरचा चेहरा शेजारी छापता येतो. 2009 साली ऑस्कर मिळवणारा ‘स्माइल पिंकी’ हा माहितीपटही ओठाच्या फटीचाच. टाळूचा आधी-नंतर फोटोत मावत नाही. एरवी या पडद्याचे दोन बाजूंचे स्नायू मधोमध जुळून झोळीसारखे आडवे असतात. फट असली की ते न जुळता पुढच्या दिशेने वळलेले राहतात. सर्जन ते सोडवून आडवे जोडतात, साधारण 9 ते 18 महिन्यांच्या वयात. तरीही काही मुलांचा पडदा आखूडच राहतो, भिंतीपर्यंत पोचत नाही. शिवाय तोंडात हवा कोंडता येत नव्हती तेव्हा मुलाने स्वतःच तोड काढलेली असते: गळती नाकाशी आहे ना, मग हवा त्याच्या खालीच, स्वरयंत्रात अडवायची. ‘पाटी’च्या जागी घशातल्या झटक्यांनी तोडलेलं ‘आ-ई’ ऐकू येतं. ही सवय टाके घालून जात नाही. त्यात टाळूचेच स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतात. ते नीट चालले नाहीत तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ज्या उच्चारांची नक्कल करायची तेच मुलाला अंधुक ऐकू येतात.

यावर कोणी म्हणेल, वय वाढलं की बोलणं आपोआप सुधारतं. काही बोबडे उच्चार सुधारतात. आखूड पडदा वयाने लांब होत नाही आणि पक्की झालेली सवय शिकवल्याशिवाय सुटत नाही. मग फुगे फुगवा, मेणबत्ती विझवा असा सल्ला मिळतो. तो निरुपद्रवी वाटतो, पण फुंकर मारताना पडदा जसा मिटतो तसाच तो बोलताना मिटेल असं नाही, त्यामुळे वर्षं मात्र वाया जातात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिथे सर्जनच दुर्मीळ, तिथे वाचा-उपचारांची चैन कुठली? पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यात टाळूची फट समाविष्ट आहे आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत वाचा-उपचारांची कल्पनाही आहे. ‘वाचा आणि भाषा दोष’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. उणीव आहे ती पाठपुराव्याची. ऑपरेशन एका दिवसात मोजता येतं; उपचार महिनोन् महिने चालतात, म्हणून ते आकड्यांत चमकत नाहीत.

आणि पहिली तपासणी तरी कुठे महाग आहे? ती मुलाच्या भाषेत मात्र हवी. ‘काकू पापड भाजते’ या वाक्यात एकही अनुनासिक नाही. हे वाक्य मुलाला एकदा तसंच आणि एकदा नाक चिमटीत धरून म्हणायला लावावं. पडदा नीट मिटत असेल तर दोन्ही वेळा सारखंच ऐकू येईल. आवाज बदलला, तर मूल वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सराव पुरेल की पुन्हा शस्त्रक्रिया लागेल, ते दुर्बिणीने पडद्याची हालचाल पाहून ठरवता येतं. ऑपरेशननंतर वर्षाने आणि शाळेत नाव घालताना, अशी दोनदा ही नोंद सक्तीची करावी आणि ती झाल्याशिवाय त्या मुलापुढे ‘उपचार पूर्ण’ असं लिहू नये.