खडा निघाला, पण यकृताचं काय?

जामनेर शहर आणि तालुक्यातल्या सर्व बंधू-भगिनींना कळकळीची विनंती : घरात कुणाची पोटाची सोनोग्राफी झाली असेल, तर तो रिपोर्ट आजच कपाटातून काढून पुन्हा वाचा. पित्ताशयात खडे दिसले म्हणून ऑपरेशन झालं, टाके सुकले, माणूस शेतात जाऊ लागला. त्याच कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असंही लिहिलेलं होतं. त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. असं फार वेळा होतं, आणि ते थांबायला हवं.

पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात फक्त साठतं. यकृतात चरबी साचली की पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की पित्ताशयही नीट आकसत नाही. पित्त साचून घट्ट होतं, त्याचे खडे बनतात. म्हणूनच हे दोन्ही आजार पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. सुटलेलं पोट आणि मधुमेह ही दोघांचीही मुळं. पित्ताशय काढलं तरी ती मुळं शाबूत राहतात. यकृतातली चरबी दुखत नाही, खुपत नाही. काहींच्या बाबतीत ती थेट सिरोसिसपर्यंत नेते. दारूला न शिवणाऱ्या माळकऱ्यालाही हे होऊ शकतं. केंद्र सरकारने 2021 मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो उगाच नाही.

उजव्या बरगडीखाली तासन्‌तास कळ, उलट्या, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, यातलं काही दिसलं तर गॅसची गोळी घेऊन रात्र काढू नका. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा. खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेततं. खडा पाडून देतो म्हणणाऱ्यांच्या जडीबुटीवर पैसे घालवू नका. लघवीवाटे पडतो तो मूतखडा; पित्ताचा खडा त्या वाटेवर नसतोच. न दुखणाऱ्या प्रत्येक खड्याला ऑपरेशन लागत नाही, हेही खरं. पण यकृताची रक्ततपासणी, शुगर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी टाळू नका.

वजन जास्त असेल तर ते 7 ते 10 टक्के उतरवल्याने यकृताची सूज कमी होऊ शकते. 80 किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो. मात्र घाई नको : आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन घटवलं, कडक उपास धरले, तर त्यानेच नवे खडे होतात. कळण्याची भाकरी खुशाल खा; शेवभाजीवरची तेलाची तर्री, रोजचं कोल्ड्रिंक आणि दारू सोडा. रोज अर्धा तास झपाझप चाला.

कमरेचा घेर पुरुषाचा 90 किंवा बाईचा 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा मधुमेह असेल, तर कापसाची वेचणी आटोपण्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना भेटा, आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.